रविवारी टोचन

उखाभाऊ पाटलांच्या घरात माणसं पाच होती आणि कोणती गाडी घ्यावी यावर मतं चार होती.

उखाभाऊंचं सुरतेजवळ कडोदऱ्याच्या चौकापुढे गॅरेज. हायवेवर एखादा टेम्पो बंद पडला की ड्रायव्हर आधी देवाचं नाव घेई आणि मग उखाभाऊंना फोन करी. उखाभाऊ आपली जुनी जीप घेऊन जात, साखळी नाहीतर रॉड लावत आणि तो टेम्पो ओढत गॅरेजला आणत. बंद गाडी अशी ओढून आणण्याला त्या सगळ्या रस्त्यावर एकच शब्द आहे, टोचन. 'टोचन करा', 'टोचन लावा', 'टोचन तुटलं', एवढ्यात हायवेवरचा निम्मा संसार आटोपतो. उखाभाऊंच्या पाटीवरही गॅरेजच्या नावापेक्षा 'टोचन' हाच शब्द मोठा होता. पुढे जो घोटाळा झाला तो या शब्दानंच केला, म्हणून आधीच सांगून ठेवलेलं बरं.

तर ती जीप म्हातारी झाली होती. होळीनंतर एकदा पलसाण्याजवळ ती अशी बसली, की इतकी वर्षं जगाला ओढणाऱ्या उखाभाऊंना स्वतःच दुसऱ्याच्या टोचनवर गॅरेजला यावं लागलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र जेवता जेवता त्यांनी जाहीर केलं की आता पिकअप घ्यायची. गॅरेजचं टोचनही तिनंच करायचं आणि कोसाडच्या घरापासून कडोदऱ्यापर्यंतचं रोजचं जाणं-येणं, बाजार, दवाखाना, लग्नकार्य, हेही तिनंच निभवायचं. थोडक्यात, एकाच जनावरानं बैलाचंही काम करायचं आणि घोड्याचंही.

उखाभाऊंचं म्हणणं, गाडीत ताकद पाहिजे, बाकी सगळं दिखाऊ. प्रमिलाबाईंचं म्हणणं, पायरी खाली पाहिजे, कारण त्यांचा उजवा गुडघा वर चढायला राजी नव्हता. मुलगा धर्मेंद्र पलसाण्याला कापड रंगवण्याच्या एका डाईंग हाऊसमध्ये दिवसभर वाफेत उभा असे, त्यामुळे त्याला एसीशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं. दोन वर्षांच्या नातीला, हर्षूला, गाडी लाल पाहिजे होती. राहिली सून धनश्री. तिला विचारलं की ती म्हणे, "तुम्ही ठरवाल ती." पण तिचं लक्ष गाडीत नव्हतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ते कुठं होतं हेही ठाऊक होतं, आणि म्हणूनच तिला कोणी फार खोदून विचारत नसे.

धनश्रीचा भाऊ लखन दोन वर्षं रुसला होता. हर्षूच्या बारशाला तो दोंडाईच्याकडून हौसेनं आला होता. जेवणं झाल्यावर उखाभाऊंनी पाहुण्यांना रीतीप्रमाणे टॉवेल-टोपी द्यायला सुरुवात केली आणि नेमकी लखनपाशी येऊन चळत संपली. आता इथं गप्प बसायचं, की कोणाला तरी दुकानात पिटाळायचं? उखाभाऊ कौतुकानं म्हणाले, "लखनभाऊ काय, घरनाच माणूस शे. त्याले काय टॉवेल-टोपी!" त्यांनी हे अगदी मनापासून, प्रेमानं म्हटलं होतं. पण शेजारच्या माणसानं टोपी घातलेली असताना स्वतःचं डोकं उघडं राहिलेल्या मामाला ते प्रेम दिसलं नाही. तो जो गेला तो परत आला नाही. धनश्रीचं दिवाळीचं माहेर त्या दिवसापासून बंद झालं. हर्षूचे कानही तसेच राहिले, कारण मामाच्या मांडीवर बसल्याशिवाय कान टोचायचे नाहीत असा धनश्रीचा हट्ट होता, आणि मामा फोनही उचलत नव्हता.

असो. गाडीकडे वळू.

पलसाण्याला ठाकोरभाईंचं जुन्या गाड्यांचं आवार होतं. तिथं उखाभाऊंनी दोन पिकअप हेरून ठेवल्या. एक पांढरी, पुढे दोघांची केबिन आणि मागे हत्तीचं पिल्लू मावेल एवढा हौदा. दुसरी राखाडी, पुढे-मागे दोन रांगा, पाच माणसांची सोय, चार दारं, पण हौदा त्या मानानं आखूड. उखाभाऊंनी त्यांची नावं ठेवली 'एकवाली' आणि 'दोनवाली'. एकवालीकडे पाहिलं की त्यांना गॅरेज आठवे आणि दोनवालीकडे पाहिलं की प्रमिलाबाई.

"उखाभाई," ठाकोरभाई म्हणाले, "एकवाली लेशो तो भाभी रिसाशे, ने दोनवाली लेशो तो हौदो नानो पडशे. रविवारे दोनवाली लई जाव, टोचन करीने जोई लो. पण बे वागे गाडी पाछी जोईए. बारडोलीनी पार्टी जोवा आववानी छे."

म्हणजे दोनवाली रविवारी नेऊन बघायची आणि बारडोलीचं गिऱ्हाईक यायच्या आत, दुपारी दोनपर्यंत निकाल लावायचा होता. उखाभाऊ गॅरेजच्या बाकावर बसले आणि डोकं खाजवू लागले. एवढा मोठा निर्णय एकट्यानं कसा घ्यायचा? त्यांना मोबाईलवरच्या 'आपलं गोत' या ग्रुपची आठवण झाली. खान्देशातले आणि सुरतेतले मिळून त्रेचाळीस नातेवाईक त्यात होते. रोज सकाळी फुलांची चित्रं पाठवण्यापलीकडे त्यांचा काही उपयोग झाला नव्हता. उखाभाऊंनी चष्मा लावला आणि एका बोटानं, अर्धा तास खपून, मजकूर लिहिला.

'राम राम मंडळी. रविवारे टोचन करानं शे. एक लेवानी का दोन, हाईच समजत नही. जाणकार माणूस पाहिजे. ज्याले जमी त्यानी सुरतले येवानं.'

पाठवला आणि चहा मागवला. चहा येईपर्यंत उत्तरांची रांग लागली. एवढ्या झटपट गोतानं त्यांना आजवर कधी साथ दिली नव्हती.

पहिलं उत्तर शिरपूरच्या बहिणीचं, ज्योतीताईंचं. 'अरे वा! शेवट मुहूर्त लागना. दोनच ल्या. एक कशी दिसी?'

उखाभाऊंना वाटलं, ही नक्की प्रमिलाच्या सांगण्यावरून बोलते आहे.

'हलकी ल्या. जड लिधी का खाले लोंबस,' असं नंदुरबारच्या मेव्हण्यानं लिहिलं. उखाभाऊंनी मान डोलावली. वजनदार टेम्पो लावला की गाडीचा मागचा भाग बसतो, हे शाळामास्तर असूनही मेव्हण्याला कळतं याचं त्यांना कौतुक वाटलं.

'लोखंडनी लेवानी नही. पिकस.' यावर मात्र ते थबकले. लोखंडाची नाही तर गाडी कशाची घ्यायची? पण गंजण्याला तिकडे पिकणं म्हणत असतील, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

'सकायमाच करी ल्या. उन्हमा सूज येस,' असं कोणी लिहिलं, ते त्यांनी इंजिन तापण्यावर घेतलं. मग ज्योतीताईंनी पुन्हा लिहिलं, 'रोज खोबरेल तेल लावत राहा.' इथं उखाभाऊंतला मेकॅनिक जागा झाला. तीस वर्षांत त्यांनी कुठल्याही सांध्याला खोबरेल लावलं नव्हतं. त्यांनी ताबडतोब उत्तर दिलं, 'तेल नही. ग्रीस लावसू.'

त्यावर ज्योतीताईंनी डोळे विस्फारलेलं एक पिवळं तोंड पाठवलं.

आणि मग, दोन वर्षं त्या ग्रुपमध्ये मुक्यानं बसलेल्या लखनचं उत्तर आलं. तीनच शब्द. 'मी येस. रविवारे.'

उखाभाऊंच्या हातातला चहा निवला. गाडीच्या एका प्रश्नानं लखन विरघळला? त्यांना काही उमगेना. ते उमगायला प्रमिलाबाईंचा फोन यावा लागला.

"काय लिखी टाकं तुम्ही ग्रुपवर?"

"गाडीनं लिखं. एकवाली लेवू का दोनवाली."

"गाडीनं? मंग धनश्री काबर रडी राह्यनी? मना गळामा पडी रडनी. म्हणे आबांनी दादाला बोलावलं, आबांनी स्वतः बोलावलं! हर्षूना कान टोचाले सारं गोत निंघनं तथाईन!"

उखाभाऊंनी फोन कानापासून दूर धरून तो मजकूर पुन्हा वाचला. रविवारी टोचन. एक का दोन. मग सगळी उत्तरं पुन्हा वाचली. हलकी घ्या, लोखंडाची नको, पिकते, सूज येते, खोबरेल लावा. आणि त्याखाली त्यांचं स्वतःचं वाक्य, ग्रीस लावू. नातीच्या कानाला!

"मी लिखी टाकस का चूक व्हयनी," ते घाईनं म्हणाले. "टोचन म्हनजे गाडीनं टोचन."

"लिखा ना! एक डाव टोपी नही दिधी ते दोन वरीस उंबरठा चढना नही. आते बलाईसन सांगा का भाऊ, तुले बलावलंच नव्हतं. मंग जलमभर येवाव नही तो." प्रमिलाबाईंचा आवाज खाली आला. "त्या पोरनं तोंड पाह्यं नही तुम्ही. दोन वरीसमा अशी हासनी नव्हती."

"मंग काय करानं?"

"काय म्हनजे? कान टोचानं. हर्षूले कान शेतस ना?"

ठरलं ते असं. खरी गोष्ट फक्त नवराबायकोत आणि धर्मेंद्रपाशी राहील. धनश्रीला सांगायची नाही, कारण तिचा आनंद मोडेल. आणि लखनसमोर गाडीच्या संदर्भात 'टोचन' हा शब्द चुकूनही कोणी काढायचा नाही. लखन गावी ट्रॅक्टर चालवतो, त्याला हा शब्द ठाऊक असेल, असं धर्मेंद्रनं सुचवून पाहिलं, पण उखाभाऊ ठाम होते. तिकडे वावरात चाक रुतलं तर 'वढा, वढा' म्हणतात, टोचन हा हायवेचा शब्द आहे. माणसाला गरज पडली की तो स्वतःला काय वाटेल ते पटवू शकतो.

प्रमिलाबाईंनी कतारगामच्या सुंदराबाईंना सांगावा धाडला. सुंदराबाई सोनाराघरच्या, वय सत्तरीपार, पण सुरतेतल्या निम्म्या खान्देशी लेकरांचे कान त्यांच्याच हातचे. रविवारी अकराला येते म्हणाल्या. गाडीची चाचणी घ्यायलाच हवी होती, नाहीतर बारडोलीची पार्टी दोनवाली घेऊन जाणार. तेव्हा त्याच गाडीनं उधना स्टेशनवरून पाहुणे आणायचे, कान टोचायचे, आणि दोनला गाडी परत करायची, असा बेत ठरला. ऐकायला तो फार सोपा वाटत होता.

रविवारी सकाळी उखाभाऊ पलसाण्याहून दोनवाली घेऊन निघाले. हौदात त्यांनी सवयीनं साखळी आणि रॉड टाकला. उधन्याला रेल्वेतून पाच-सहा माणसं उतरतील असा अंदाज होता, उतरली अकरा. त्यांत सगळ्यात शेवटी लखन, हातात पितळी डबा, चेहरा कोरा. उखाभाऊंनी इकडेतिकडे पाहिलं नाही. फलाटावरच पिशवी उघडली, त्याच्या डोक्यावर टोपी ठेवली, खांद्यावर टॉवेल टाकला, मग दुसरा टॉवेल टाकला, आणि विसरायला नको म्हणून तिसराही टाकला. लखन तीन टॉवेलांखाली गुदमरून उभा राहिला.

"बस व्हयनं, काका," तो म्हणाला. "न्हाईसन नही ऊनू मी."

त्यावर ज्योतीताई हसल्या, मग सगळेच हसले आणि उखाभाऊंच्या छातीवरचा अर्धा दगड उतरला.

बायका आत बसल्या, पुरुष हौदात. लखनला मानानं पुढची सीट दिली, तिथंच उखाभाऊ चुकले. गाडी रिंगरोडला लागते न लागते तोच फोन वाजला आणि उखाभाऊंच्या बोटानं भलतंच बटण दाबलं. ठाकोरभाईंचा आवाज गाडीभर घुमला.

"उखाभाई! टोचन थयुं?"

उखाभाऊंच्या हाताखाली स्टेअरिंग हललं. "नही नही, आते थशे," ते ओरडले. "टोचन अकरा वाजता! सोनारीण येस!"

"सोनी? पण गाडीमां सोनीनुं शुं काम?"

"नातीना कान!" उखाभाऊ म्हणाले आणि फोन बंद केला. मग बाजूला पाहत ओशाळं हसले. "आमना ठाकोरभाई. बहू माया शे हर्षूवर. सारखी चवकशी करस."

"चांगला माणूस दिखस," लखन म्हणाला आणि खिडकीबाहेर पाहू लागला.

अमरोलीच्या पुलाच्या चढावर वाहनं तुंबली होती. पुढे एक छोटा टेम्पो साड्यांच्या पार्सलांनी भरलेला, कडेला बंद पडून उभा. उखाभाऊंचा धंद्याचा डोळा तिकडे गेलाच, आणि ड्रायव्हरशेजारी बसलेल्या सुंदराबाई त्यांना दिसल्या. त्यांचा मुलगा योगराज पार्सलं पोचवता पोचवता आईला सोडायला निघाला होता. उखाभाऊंना पाहताच तो दोन्ही हात वर करून धावत आला.

"उखाभाऊ! देवासारखे आलात! टोचन करा, टोचन!"

"करतो ना," उखाभाऊ घाईघाईनं म्हणाले. "त्यासाठीच तर आईंना बोलावलंय."

"आईंना कशाला? टेम्पोला करा!"

"हो हो, टेम्पो... म्हणजे टेम्पोतून आई येतील, मग टोचू. हळू बोल जरा."

योगराजनं त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू उन्हाचा परिणाम माणसावर किती लवकर होतो हेच तो बघत होता. मागून हॉर्न वाजत होते. तेवढ्यात लखन उतरला. त्यानं टॉवेल सीटवर ठेवले, हौदातून साखळी ओढली, टेम्पोखाली वाकून ती अडकवली, आखूड-लांब करून पाहिली, दुसरं टोक हुकाला लावलं आणि योगराजला गिअर न्यूट्रलमध्ये ठेवायला सांगून परत येऊन बसला. उखाभाऊ तोवर 'टोचन' शब्दाऐवजी कोणता शब्द वापरावा याच्या विचारात इतके बुडाले होते, की हे सगळं इतकं सफाईनं कसं झालं हे त्यांच्या लक्षातच आलं नाही.

मग दोनवालीची खरी परीक्षा झाली. आत पाच सीटांवर सात जणं, हौदात पाच, मागे साखळीला साड्यांनी ठासलेला टेम्पो आणि त्यात सुंदराबाई. गाडी पहिल्यांदा गुरगुरली, मागून खाली बसली, क्लचचा वास आला आणि मग हळूहळू पूल चढली. हौदातल्या मेव्हण्यानं टाळ्या वाजवल्या. टोचणाऱ्या बाईलाच टोचन करून आणायची वेळ उखाभाऊंच्या सबंध कारकिर्दीत पहिल्यांदाच आली होती. पण हा विनोद कोणाला सांगायची सोय नव्हती.

कोसाडच्या घरी धनश्री दारातच उभी होती. लखन उतरला. दोघं एकमेकांसमोर उभी राहिली. धनश्री म्हणाली, "वाळलास रे दादा." लखन चांगला सव्वा माणूस होता. तरी तो म्हणाला, "हा ना." प्रमिलाबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि आत जाऊन उगीच भांडी वाजवली.

पाट मांडला. लखन मांडी घालून बसला, हर्षूला मांडीवर घेतलं. हर्षूनं या नव्या माणसाला आपादमस्तक न्याहाळलं आणि त्याची टोपी काढून स्वतः घातली. पितळी डब्यातून लखननं दोन बाळ्या काढल्या, बारीक, हलक्या. सुंदराबाईंनी सोन्याची तार पुसली आणि चष्म्यावरून वर पाहिलं.

"उखा, तू ग्रुपवर विचारलं होतंस म्हणे? मग एका कानाला एक करू का दोन?"

सगळं गोत उखाभाऊंकडे वळलं. उखाभाऊंच्या डोळ्यांपुढे अजून पुलाचा चढ होता. "ताकद एकवालीमा जास्त," ते गंभीरपणे म्हणाले, "पन बसाले दोनवाली बरी."

प्रमिलाबाईंनी कपाळाला हात लावला.

"एकच करा, आई," धनश्री म्हणाली. "आबा दगदगीनं थकलेत."

हर्षूच्या तोंडात गूळ घातला. पहिल्या कानाला तिला काय होतंय ते कळलंच नाही. दुसऱ्याला कळलं आणि तिनं गूळ सोडून मामाचा अंगठा चावला, तो अगदी दाताचे ठसे उमटेपर्यंत. लखननं हात सोडवला नाही. हर्षूचं रडं दोन मिनिटांत थांबलं, पण लखनच्या डोळ्यांतलं पाणी काही थांबेना. "बहू जोरमा चावनी," तो सगळ्यांना सांगत राहिला. अंगठा इतका दुखत नसतो हे तिथं बसलेल्या प्रत्येकाला कळत होतं.

वरण-बट्टीची पंगत चालू असतानाच अडीच वाजले आणि दारात ठाकोरभाई उभे राहिले, मागे बारडोलीची पार्टी. पार्टी म्हणजे पांढऱ्या कपड्यांतला एक गलेलठ्ठ, हसरा माणूस. उखाभाऊ उष्ट्या हातानं उठले. आता हा माणूस 'टोचन' म्हणणार आणि सगळं उघड्यावर येणार. त्यांनी ठाकोरभाईंचं तोंड उघडायच्या आत त्यात बट्टीचा तुपाळ तुकडा कोंबला.

"बेसो, बेसो! पहिला जमी लो!"

ठाकोरभाई बसले. बारडोलीची पार्टीही बसली. तिसऱ्या बट्टीनंतर पार्टीनं हात धुतले, ढेकर दिली आणि उदार होऊन सांगितलं, "काकाने जे गमे ते काका राखे. बीजी हुं लई जईश. सांजे फोन करजो." म्हणजे उखाभाऊंना आवडेल ती उखाभाऊंनी ठेवावी, उरलेली ही पार्टी घेईल, फोन संध्याकाळपर्यंत करावा.

झालं, प्रश्न पुन्हा होता तिथं येऊन बसला. उखाभाऊंच्या आता लक्षात आलं की त्रेचाळीस माणसांच्या गोतानं मतं भरभरून दिली होती, पण ती सगळी बाळ्यांबद्दल. गाडीबद्दल एकानंही चकार शब्द काढला नव्हता. मन तर एकवालीकडे ओढत होतं. पुलावर दोनवाली मागून कशी बसली ते त्यांनी अनुभवलं होतं, आणि शेवटी पोट गॅरेजवर होतं. प्रमिलाला एक स्टूल करून देऊ, चढेल हळूहळू, असं ते मनाशी म्हणू लागले.

पाचच्या सुमारास पाहुणे आडवे झाले होते. उखाभाऊ बाहेर दोनवालीमागे उकिडवे बसून तिच्या स्प्रिंगचे पाटे बघत होते. लखन येऊन शेजारी उकिडवा बसला. त्याच्या अंगठ्याला हळद लावलेली होती.

"ठरनं का, काका? एक का दोन?"

"ठरनं ना. एकेकच करं. सुंदराबाई म्हनी..."

"कान नही, काका. गाडी."

उखाभाऊंनी मान वळवली. लखन पाट्यांकडेच बघत होता.

"तुले कोनी सांगं?"

"तुम्हीच लिखं व्हतं ना ग्रुपवर. टोचन करानं शे, एक लेवानी का दोन." लखन पुढे वाकून पाट्यावरून बोट फिरवत म्हणाला, "पंधरा वरीस ट्रॅक्टर चालाडस मी. ट्रॉली रुतनी का रोज टोचन करतस आम्ही. माले टोचन म्हनजे काय समजाव नही?"

"म्हनजे तू... पहिलेथीनच..."

"वाचं तवयच समजनं. बाकीना कानना मांगे लागनात ते पाहीसन हासू ऊनं. तुम्ही ग्रीस लिखं तवय ते मी वावरमा एकटाच हासनू."

उखाभाऊ खाली बसले, सरळ मातीत. सकाळपासून ठाकोरभाईंपासून योगराजपर्यंत सगळ्यांची तोंडं दाबत त्यांनी केलेली धावाधाव त्यांच्या डोळ्यांपुढून गेली. "मंग ऊना कशाले?" त्यांनी विचारलं.

लखन हळद लावलेल्या अंगठ्याकडे बघत राहिला.

"दोन वरीस घर बसनू, काका. रुसाले बहू सोपं शे. परत येवाले काहीतरी निमित्त लागस, आन् कोनी देत नही." मग तो म्हणाला, "तुम्ही लिखं व्हतं, जाणकार माणूस पाहिजे. माले वाटनं, गोतमा गाडीनं समजनारा मी एकलाच. मंग माले बलावं असं धरीसन ऊनू. धनश्रीले सांगू नका पन. तिले वाटू द्या का कान टोचालेच बलावं व्हतं."

"नही सांगत," उखाभाऊ म्हणाले. पाट्यावर हात ठेवून त्यांनी विचारलं, "मंग सांग ना. जाणकार तू. कोनती लेवू? ही मागून बसस रे. एकवालीनी ताकद जास्त शे."

"पाटा एकेक वाढवी ल्या, बसाव नही. दोनवालीच ल्या."

"काबर?"

"एकवालीमा तुम्ही आन् काकू बसशात," लखन म्हणाला. "मनी बहीण कोठे बसी?"

उखाभाऊंनी पंधरा दिवस त्या गाडीचं इंजिन पाहिलं होतं, हूक पाहिला होता, पाटे, टायर, क्लच, सगळं सगळं पाहिलं होतं. आता ते उठले, धोतर झटकलं, मागचं दार उघडलं आणि पहिल्यांदाच मागच्या सीटवर जाऊन बसले. पाय लांब करून पाहिले, मध्ये हर्षूपुरती जागा हातानं मोजली, काच खालीवर केली. मग खिशातून फोन काढून ठाकोरभाईंना लावला आणि तो लागेपर्यंत बाहेर उभ्या असलेल्या लखनला म्हणाले, "दिवाळीले धनश्रीले सोडाले मी स्वतः येसू."